दहा सळया म्हणजे किती किलो?

सळई, टाइल्स, पाइप आणि हार्डवेअरच्या दुकानांत स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवून देणं हा माझा व्यवसाय. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी हा माझा पट्टा. सॉफ्टवेअर घेताना मालकाच्या डोक्यात बिल आणि जीएसटी असतं. पहिल्या महिन्यातली भांडणं मात्र मापावरून होतात. माल टनावर येतो, बंडलात उतरतो, नगावर मोजला जातो, किलोवर विकला जातो आणि शिल्लक नेमकी कशात दाखवायची हे कुणी ठरवलेलंच नसतं. या भांडणांच्या मध्ये उभं राहून जे हाती लागलं ते असं:

१. माप ठरवायला आधी गोडाऊनमध्ये जा

काउंटरवर बसून विचारलं तर मालक खरेदीचं माप सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीचं बिल असतं. गोडाऊनमध्ये माल उतरवणाऱ्या मामांना विचारा, "मामा, हे कसं मोजता?" उत्तर लगेच येतं: "पाइप नगावर, खिळे पेटीवर, बाइंडिंग वायर बंडलावर, ताई." वर्षअखेरीला मोजणी तेच करणार असतात. त्यामुळे ते ज्या मापात मोजतात, ते माप सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी असलंच पाहिजे. स्क्रीनवर ८ मिमी सळईची शिल्लक १,२८४.६ किलो दिसली, तर ती खरी की खोटी हे बघायला रॅकमधली सळई कुणी वजनकाट्यावर नेत नाही. जी शिल्लक उभ्या उभ्या तपासता येत नाही तिच्यावर लवकरच कुणाचा विश्वास राहत नाही. मग मालकांच्या खिशात जुनी वही परत येते.

२. काही फॅक्टर व्याख्येने ठरतात, काही मालागणिक बदलतात

फॅक्टर म्हणजे एका मापाचं दुसऱ्या मापात रूपांतर करणारा आकडा. माझ्या कामातला अर्धा गोंधळ एवढं एक न कळल्यामुळे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, क्विंटल म्हणजे १०० किलो. हे माणसांनी ठरवलेलं आहे, कधीही बदलणार नाही. मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मापांच्या मूळ यादीत, एकदा टाकलं की विसरून जा. सळईचं तसं नाही. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन, हे सूत्र प्रत्येक काँट्रॅक्टरला पाठ असतं. १२ मिमीच्या सळईला ते मीटरमागे ०.८८८ किलो येतं, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलोची. मालक हाच आकडा फॅक्टर म्हणून देतात आणि सेटअप करणारा मुलगा तो ठोकून देतो: एक नग बरोबर १०.६६ किलो.

पण ते सूत्राचं वजन झालं. कारखान्यातून निघालेली सळई अगदी तेवढीच भरत नाही, आणि मानकालाही ते मान्य आहे. आयएस १७८६ नुसार १० मिमीपर्यंतच्या सळईच्या लॉटचं वजन सात टक्के इकडे-तिकडे चालतं, १० च्या वर १६ पर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे तीन टक्के. आता हिशेब बघा. १२ मिमीच्या १०० सळया आल्या, काट्यावर भरल्या १,०३० किलो. म्हणजे नगामागे १०.३० किलो, मानकात व्यवस्थित बसणारा माल. खरेदी १,०३० किलोची चढली. दुकान मात्र नगावर विकतं आणि बिल सूत्राच्या वजनाने करतं. ९८ सळया विकल्या की सॉफ्टवेअरमधून १,०४४ किलो आणि वर काही ग्रॅम गेलेले असतात. रॅकमध्ये दोन सळया उभ्या आणि स्क्रीनवर उणे साडेचौदा किलो. माल जड आला तर उलटं होतं. रॅक रिकामा आणि सॉफ्टवेअरमध्ये माल शिल्लक. या दुसऱ्या प्रकारात मालकाचा पहिला संशय हमालावर जातो. तो संशय मी अनेक दुकानांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आलेला आहे. कारण तिथे चोरी झालेली नसते, मास्टरमध्ये एक आकडा नको तितका पक्का केलेला असतो.

यावर उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. सळईचे किलो आणि नग दोन्ही स्वतंत्र नोंदवायचे. किलो काट्याच्या पावतीवरून, नग उतरवताना मोजून. एकातून दुसरं सॉफ्टवेअरला काढू द्यायचं नाही. पर्यायी मापाची सोय असलेल्या काही सॉफ्टवेअरमध्ये एंट्रीच्या वेळी फॅक्टर बदलता येतो. तिथे ती मुभा चालू ठेवायची आणि प्रत्येक गाडीचा फॅक्टर त्या गाडीलाच लावायचा. सोय नसेल तर खरेदीच्या नोंदीत नगांचा एक जादा रकाना उघडून घ्यायचा. याचा एक फायदा मालकांना फार आवडतो. कुठल्या पुरवठादाराचा माल नगामागे हलका येतो आणि कुणाचा जड, हे सहा महिन्यांत आपोआप समोर येतं, आणि पुढच्या सौद्यात त्याचा उपयोग होतो.

३. तेलाचा डबा विचारून घ्या

हे किराणावाल्यांसाठी. खाद्यतेलाची घनता साधारण ०.९१. म्हणून १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम, आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. काउंटरवर दोन्हींना "पंधराचा डबा" म्हणतात. दोन वेगळे आयटम करा, नावात लिटर आणि किलो लिहा. दोन्हींच्या भावाची तुलना करायची असेल तर ती किलोवर आणून करा.

४. साठा सगळ्यात लहान मापात ठेवा

नट-बोल्ट ग्रोसवर येतात म्हणून साठ्याचं माप ग्रोस ठेवलेलं मी बघितलं आहे. गिऱ्हाईक चार बोल्ट मागतं. एक बोल्ट म्हणजे ०.००६९४४ ग्रोस. सॉफ्टवेअरमध्ये दशांशानंतर दोन घरं ठेवली असतील तर त्याचे ०.०१ होतात. एकेक करून १४४ बोल्ट विकले की साठ्यातून १.४४ ग्रोस कमी होतात. चार घरं ठेवली तरी ०.९९३६ वरच अडकतं. टॅलीत मापाला जास्तीत जास्त चार घरंच देता येतात, त्यामुळे "घरं वाढवू" म्हणून इथे सुटका नाही.

मूळ माप नग ठेवलं की सगळं गुणाकाराने होतं आणि पूर्णांकात राहतं. नगाला दशांश घर द्यायचंच नाही. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये मापाला "पूर्णांकच हवा" अशी खूण करता येते, ती जरूर करावी. कुणीतरी घाईत अडीच नळ विकतोच.

५. भावाचं माप वेगळं, साठ्याचं वेगळं

टाइल्सच्या दुकानात भाव चौरस फुटावर बोलला जातो. गिऱ्हाईक घराचा नकाशा घेऊन येतं, त्यावर चौरस फूट असतात. कंपनी खोक्यावर चौरस मीटर छापते. गोडाऊनमध्ये खोकी असतात. आणि काम संपलं की तेच गिऱ्हाईक तीन सुट्या टाइल्स परत घेऊन येतं.

दोन बाय दोनची म्हणून विकली जाणारी टाइल असते ६०० बाय ६०० मिमीची. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी, त्यामुळे ती दोन फुटांना थोडी कमी पडते. चार टाइल्सच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर माल असतो, म्हणजे १५.५ चौरस फूट. काउंटरवर मात्र एक खोकं म्हणजे १६ फूट धरायची पद्धत आहे. दोनदुणे चार, चार चोक सोळा, सोपं पडतं. हजार फुटांच्या कामाला १६ ने भागलं तर ६३ खोकी येतात, १५.५ ने भागलं तर ६५. दोन खोकी कमी पडली की गिऱ्हाईक महिन्याने परत येतं, तोवर दुसरी बॅच आलेली असते, रंगात बारीक फरक असतो, आणि त्या दिवशी दुकानात होणारा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येतो. तुटफूट आणि कापणीसाठी जादा माल धरायचा असतोच, पण तो या दोन खोक्यांच्या वर. फॅक्टरमधली चूक तुटफुटीच्या नावावर खपवायची नाही.

म्हणून टाइल्सचा साठा नगात. खोकं म्हणजे चार नग, हे पक्कं नातं. चौरस फूट फक्त भाव लावण्यापुरते. बिलावर ते दिसतील, रकमेचा हिशेब त्यांच्यावर होईल, पण साठ्याला त्यांनी हात लावायचा नाही. प्लायवूडचंही असंच. आठ बाय चारची शीट ३२ फूट म्हणून भाव होतो, पण ३२ फुटांतले २० फूट विकून बारा ठेवलेत असं बहुतेक दुकानांत होत नाही, शीट अख्खी जाते. भावाचं माप आणि साठ्याचं माप अशी दोन स्वतंत्र घरं सॉफ्टवेअरमध्ये नसतील, तर टाइल्सवाल्याने ते सॉफ्टवेअर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विकायला आलेला माणूस "होतं सगळं" म्हणेल. त्याला तीन सुट्या टाइल्सचा परतावा समोर करून दाखवायला सांगा.

६. तीन उरलेले तुकडे म्हणजे एक कॉइल नव्हे

घरगुती वायरिंगची वायर ९० मीटरच्या कॉइलमध्ये येते. दुकान अख्खी कॉइलही विकतं आणि मीटरवर कापूनही देतं. साठा मीटरमध्ये ठेवला की गणित बिनचूक चालतं, आणि तिथेच फसगत होते. तीन कॉइलमध्ये ३०-३० मीटर उरले तर सॉफ्टवेअर सांगतं, ९० मीटर आहेत, एक कॉइल देता येईल. काउंटरवरचा मुलगा फोनवर हो म्हणतो, आणि इलेक्ट्रिशियन येऊन तीन तुकडे बघतो. एका फ्लॅटच्या मेन लाइनला सांधे देऊन तो काम करणार नाही, आणि करूही नये.

पाइपात याला आणखी एक पदर आहे. शेतीचा पीव्हीसी पाइप ६ मीटरचा असतो, पण बाजारात त्याला २० फुटी म्हणतात. सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच आणि वर थोडं. नगामागे पावणेचार इंच कमी, शंभर नगांना ३१ फूट. साठा फुटांत ठेवला आणि फॅक्टर २० टाकला तर दीड पाइप हवेतच राहतो.

वायरसाठी मी दोन आयटम करते: "अख्खी कॉइल", साठा नगात, आणि "सुटी वायर", साठा मीटरमध्ये. कॉइल फोडली की एक नग पहिल्यातून काढायचा आणि ९० मीटर दुसऱ्यात टाकायचे, अशी छोटी एंट्री. मुलं सुरुवातीला कुरकुरतात. कापलेल्या पाइपच्या दीड-दोन फुटांच्या तुकड्यांना मात्र साठ्यात जागाच देऊ नये, थेट भंगारात. कितीही काटकसरी मालक असला तरी.

७. नुसतं "बॉक्स" नावाचं माप बनवू नका

टाइल्सचा बॉक्स चारचा, दुसऱ्या मापाच्या टाइल्सचा सहाचा, स्क्रूचा शंभरचा, कोपऱ्याच्या फिटिंगचा तीसचा. काही सॉफ्टवेअरमध्ये फॅक्टर आयटमला लागतो, काहींमध्ये तो मापालाच चिकटलेला असतो. दुसऱ्या प्रकारात "बॉक्स = ४ नग" असं एकदा केलं की स्क्रूचा बॉक्सही चारचाच होतो. नावातच आकडा घाला: बॉक्स-४, बॉक्स-६, बॉक्स-१००, गोणी-२५, गोणी-५०. दिसायला बेढब, पण बिल बनवणाऱ्याच्या नजरेला तो आकडा दर वेळी पडतो.

नाव एक आणि माप भलतंच, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं लागू व्हायला सुरुवात झाली, त्याआधीचा मण ४० शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलोचा. गुजरातच्या बाजार समित्यांत आजही मणावर भाव निघतात, आणि तो मण २० किलोचा आहे. कापसाची खंडी ३५६ किलोची, तर मेंढरांची खंडी वीस नगांची.

८. पॅकिंग बदललं की जुन्या आयटमला हात लावू नका

हे मेडिकलवाल्यांना रोजचं आहे. दहा गोळ्यांची पट्टी कंपनी एक दिवस पंधराची करते. दुकानात मोह होतो की मास्टरमध्ये १० चे १५ करून टाकावेत. तसं केल्याबरोबर कपाटातल्या जुन्या पट्ट्याही सॉफ्टवेअरच्या लेखी पंधराच्या होतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये मागच्या महिन्यांचे रिपोर्टही नव्याने हिशेब करतात. फॅक्टर बॅचला जोडायची सोय असेल तर बॅचला जोडा, नाहीतर नवा आयटम करा. बारकोडही मापागणिक वेगळा नोंदवा. पट्टीचा एक, बाहेरच्या खोक्याचा एक. खोक्याचा बारकोड स्कॅन केल्यावर साठ्यातून एकच पट्टी गेली, हा प्रकार मोजणीपर्यंत कुणाच्याही लक्षात येत नाही.

९. एमटीएस म्हणजे मीटर नव्हे

जीएसटीसाठी प्रत्येक मापाला सरकारी यादीतला तीन अक्षरी कोड जोडावा लागतो. जीएसटीआर-१ मधल्या एचएसएन सारांशात तोच जातो. त्या यादीत एमटीआर म्हणजे मीटर आणि एमटीएस म्हणजे मेट्रिक टन. "मीटर्स" डोक्यात ठेवून घाईत एमटीएस निवडला की ३०० मीटर केबल ३०० टन होऊन सरकारदरबारी पोचते. रक्कम बरोबर असल्यामुळे कर चुकत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही, आणि कधीतरी नोटीस आली की केबलच्या दुकानात एवढं टनाचं काय विकलं, हे समजावत बसावं लागतं.

गंमत म्हणजे या यादीत ग्रेट ग्रोस आहे, म्हणजे १,७२८ नग, जो मी आमच्या पट्ट्यात एकाही बिलावर पाहिलेला नाही. अख्खा महाराष्ट्र ज्या मापात वाळू-खडी घेतो तो ब्रास मात्र नाही. ब्रासला घनमीटरच्या कोडवर न्यायचं आणि २.८३ ने गुणायचं. गुणाकार विसरलात तर दहा ब्रास दहा घनमीटर होऊन जातात.

१०. वाळूचा नाद सोडा

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, एवढं पक्कं. पुढचं सगळं पाण्यावर. कोरड्या वाळूचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. बारीक वाळूला थोडी ओल लागली की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि वाळू फुगते, कधी पाव भागाहूनही जास्त. म्हणजे ओला ब्रास मोजाल तर त्यात वाळू कमी, आणि टनावर घ्याल तर पाण्याचे पैसे देता. पूर्ण भिजली की ती पुन्हा बसते. वर ट्रॉलीत हादऱ्याने दबते ते वेगळंच.

पुरवठादाराला ज्या मापात पैसे देता त्याच मापात साठा ठेवा आणि दर महिन्याला ढीग नजरेने मोजून फरक "घट" या खात्याला टाका. बिनचूक ताळमेळ लावू पाहणाऱ्या एका तरुण अकाउंटंटने मला वाळूच्या तीन पातळ्यांच्या फॅक्टरचा तक्ता दाखवला होता: कोरडी, दमट, ओली. तक्ता सुंदर होता. ट्रॅक्टरवाला पहाटे पाचला वाळू टाकून जातो, तेव्हा ती कुठल्या पातळीची आहे हे कोण बघणार, एवढंच मी विचारलं.

११. मापाची चूक नफ्याच्या रिपोर्टात दिसते

साठ्याच्या यादीत हजार आयटम असतात, त्यात कुठला आकडा चुकलाय हे डोळ्यांनी सापडत नाही. नफ्याची यादी काढा आणि तिची दोन टोकं बघा. ग्रोसचा खरेदीभाव नगासमोर पडला असेल, तर तो बोल्ट प्रचंड तोट्यात दिसतो. नगाचा भाव ग्रोसला लागला असेल, तर नफा इतका दिसतो की धंदा तोच करावा. आमच्या हार्डवेअरमध्ये बेताचा नफा असतो, त्यामुळे ऐंशी टक्के नफा दाखवणारा आयटम बहुतेक वेळा मापाने फसलेला असतो. नवं सॉफ्टवेअर बसवल्यावर पहिले काही आठवडे मी एवढा एकच रिपोर्ट रोज बघते.

मोजणीच्या कागदावर सॉफ्टवेअरची शिल्लक छापू नका, हेही याच्याच जोडीला. आकडा समोर असला की मोजणारा माणूस तोच आकडा मोजतो. कागदावर आयटमचं नाव, मोजण्याचं माप आणि मोकळी जागा, बस.

१२. मूळ माप बदलायचंच असेल तर

एकदा व्यवहार झाल्यावर साठ्याचं मूळ माप थेट बदलायला ईआरपीनेक्स्ट नकार देतं, आणि ते बरोबरच करतं. मागचे शंभर किलो रातोरात शंभर नग व्हायला नकोत. मग ३१ मार्च गाठा. प्रत्यक्ष मोजणी करा, नव्या मापाचा नवा आयटम उघडा, जुन्याची शिल्लक शून्यावर आणा आणि तेवढ्याच किमतीचा माल नव्यात घ्या. प्रमाण बदलेल, एकूण किंमत बदलता कामा नये. दोन्ही बाजूंच्या रकमा जुळल्याशिवाय संगणक बंद करायचा नाही. जुन्या आयटमच्या नावामागे "जुना" लावून तो विक्रीसाठी बंद करा, पण पुसू नका. एप्रिलमध्ये मागच्या वर्षीच्या बिलावरचा माल परत येतोच, आणि ते बिल जुन्या मापातलं असतं.